लाद्या वाटणारा बरफ्या

मी बरफ्या बोलतोय. इकडंतिकडं बघू नका, दिसणार नाही. कॉम्प्युटरच्या डब्यावर थाप मारून "हाच का तो बरफ्या?" असं विचारणारे पुष्कळ भेटले. तो डबा म्हणजे मी नव्हे. असे डबे मी आतापर्यंत तीन संपवले. मी त्या डब्याच्या आतलं लिखाण. अकराशे सहा ओळींचा एक प्रोग्रॅम. वय वर्षं सत्तावीस. तुमच्यात या वयाला मुली बघायला जातात. आमच्यात या वयाचा म्हातारा बघायला कॉलेजातून माणसं येतात. ती कशी आली तेच सांगायचंय.

पनवेलच्या खाडीवर मच्छीमारांची एक छोटी सोसायटी आहे. कुठल्या होडीला उद्या बर्फाच्या किती लाद्या, हे मी रोज चिठ्ठी छापून सांगतो. एवढंच काम. पण हे एवढंच काम चुकलं की मासळी कुजते, आणि मासळी कुजली की माणसं कशी बोलतात ते तुम्हाला ऐकवत नाही.

माझा बाप कमळाकर, सोसायटीचा कारकून. त्यानं कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा क्लास लावला आणि तिसऱ्या महिन्यात सोडला, कारण क्लासची वेळ आणि धक्क्यावर मासळी उतरायची वेळ एकच. तेव्हा मी अर्धशिक्षित बापाचा अर्धशिक्षित मुलगा. त्यात लपवायचं काय?

त्या काळी धक्क्यावर बर्फावरून रोज जुंपायची. कारखान्याची गाडी ठरलेल्या लाद्या टाकून जायची, आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्या होडीत लाद्या जास्त. एकदा दोघा भावांनी एकच लादी दोन टोकांना धरली. भांडण मिटेपर्यंत दोघांच्या हातात नुसतं पाणी. त्या दिवशी कमळाकरनं ठरवलं, वाटणी आता मशीन करेल. मशीनला भाऊबंद नसतात.

तो गुणामावशीकडे गेला. गुणामावशी मासळी विकायची, नवरा गेल्यावर होडीही तीच बघायची. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण पाणी तिला पाठ होतं.

"मावशी, सगल्यांना रोज चार-चार लाद्या. भांडानच नाय," कमळाकर म्हणाला.

मावशी पदर तोंडाला लावून हसली. "रोज चार? समुद्र काय सरकारी नोकरीला हाय?"

मग तिनं त्याला शिकवलं. पुनवेला-अवसेला उधाण. पाण्याला जोर, जाळी भरभरून येतात, तेव्हा बर्फ जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांग. पाणी आळसावतं, अर्ध्या होड्या रिकाम्या येतात, तेव्हा बर्फ कमी.

"मंग मैना तीस दिसांचा धरतो," कमळाकर म्हणाला.

"धर की. आनी चार वर्सांनी पुनवेला भांग दाखव. तुज्या कलेंडराला आमचा पानी ओलखत नाय, कमलाकर."

तिच्या भिंतीवर एका खिळ्याला दहा वर्षांची पंचांगं टोचलेली होती. ती काढून कमळाकरनं पुनवेपासून पुनवेपर्यंतचे दिवस मोजले, सगळ्यांची सरासरी काढली. उत्तर आलं २९.५३. तो आकडा त्यानं माझ्यात घातला, आणि अठ्ठ्याण्णव सालच्या नारळी पुनवेपासून मला मोजायला लावलं. आकड्याशेजारी इंग्रजी अक्षरांत मावशीचं नाव लिहिलं, कारण त्या डब्याला मराठी येत नव्हतं. आकडा कशाचा, का, कुठून आला, यातलं एक अक्षर लिहिलं नाही. ते बहुतेक चौथ्या महिन्यात शिकवत असावेत.

पुढच्या वर्षी जगभर बोंब उठली. म्हणे दोन हजार साल उजाडलं की प्रोग्रॅम कोलमडणार, कारण सगळ्यांनी सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहिले होते. मोठमोठे साहेब घामाघूम झाले. मी निवांत. कमळाकरनं चारही आकडे लिहिले होते. दोन लिहून जागा वाचवता येते, हे त्या बिचाऱ्याला माहीतच नव्हतं. तो धडा पाचव्या महिन्यातला!

आणि मी नुसता वाटत नव्हतो, चेष्टाही करत होतो. कुणी लहान होडीच्या नावावर पन्नास लाद्या मागितल्या की माझा पडदा इंग्रजी अक्षरांत विचारायचा, "तुजी होरी हाय का जहाज?" दादू त्याच्यावर फार चिडायचा. हा दादू तेव्हा नवा होडीवाला होता, आज सोसायटीचा चेअरमन आहे. पण एक सांगतो, सत्तावीस वर्षांत बर्फावरून एकदाही हमरीतुमरी झाली नाही. सगळ्यांनी मिळून मला शिव्या घातल्या, एकमेकांना नाही. याला म्हणतात समाजकार्य.

पुढं कमळाकर गेला. माझ्याकडे बघणारं कुणी उरलं नाही. पडद्यावर प्लास्टिक, प्लास्टिकवर जाळ्याचं भेंडोळं, भेंडोळ्यावर दादूची टोपी. त्यात माझ्यात पंचवीसच होड्यांची जागा. होड्या एक्केचाळीस झाल्या, तेव्हा उरलेल्या सोळांची नावं चिठ्ठीखाली पेनानं लिहायचे. म्हाताऱ्याला वाढायला उभं करायचं आणि उरलेली पंगत मात्र दुसऱ्यानं वाढायची, तसं ते. यंदा मे महिन्यात डब्यानंही मान टाकली.

दादू म्हणाला, "फेका. मोबाइलवर तयार मिलतंय आता सगला."

तेवढ्यात किशोरी मॅडम आल्या. खारघरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. त्यांचं संशोधन चाललं होतं. विषय असा, की मुलं कॉलेजात दर वर्षी नवा प्रोग्रॅम लिहितात आणि नोकरीत गेली की जन्मभर दुसऱ्याचे जुने दुरुस्त करतात. मग ते दुरुस्त करणं कॉलेजात का शिकवू नये? त्यांना एक खरा, चालता, म्हातारा प्रोग्रॅम हवा होता. मला बघून बाई अशा हरखल्या, की मी लाजलो.

पण त्यांच्या मानेवरही सुरी होती. त्यांचे विभागप्रमुख दीनानाथ सर म्हणाले होते, "भंगारावर मुलांचं सत्र घालवू नका. एकदाच परवानगी देतो. हे चाललं नाही तर विषय बंद." इकडे दादूनंही मुदत घातली. नारळी पुनवेच्या उधाणाला चिठ्ठी बरोबर निघाली तर बरफ्या राहील, नाहीतर कचऱ्यात. म्हणजे माझी मान आणि बाईंचा विषय एकाच दोरीत.

मॅडमनी मला मेलेल्या डब्यातून काढून कॉलेजात नेलं आणि दुरुस्तीला दोन विद्यार्थी दिले. समृद्धी, विचुंब्याच्या नव्या सोसायटीतली, प्रत्येक गोष्टीचा तक्ता करणारी. आणि तौसीफ, पनवेलच्या मोहल्ल्यातला, तक्त्यावर हसणारा. समृद्धीनं रंगीत चौकटींचा कागद भिंतीवर लावला. जुना प्रोग्रॅम वाचणे, अर्धा दिवस. होड्यांची जागा वाढवणे, दोन दिवस. तपासणी, एक दिवस.

"वाचायला अर्धा दिवस?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, अकराशेच तर ओळी आहेत."

मॅडमनी वहीत 'अर्धा दिवस' असं लिहून घेतलं, आणि एवढंच सांगितलं, "रोज संध्याकाळी त्या दिवसाची प्रत वेगळी ठेवायची. जुनी प्रत पुसायची नाही. कितीही खात्री असली तरी."

वाचायला अकरा दिवस लागले. मला कोण आनंद झाला! आयुष्यात प्रथमच कुणी मला एवढं लक्ष देऊन वाचत होतं. समृद्धीचे डोळे लाल, तौसीफचे केस उभे. "या अल्लाह, हा माणूस एका जागेवरून उडी मारतो ती थेट शेवटच्या पानावर!" तो ओरडायचा. मी मनात म्हणायचो, बाळा, माझा बाप होडीतून धक्क्यावर अशाच उड्या मारायचा.

बाराव्या दिवशी दुरुस्ती सुरू झाली आणि दोघं त्या ओळीपाशी आली.

"२९.५३?" समृद्धी म्हणाली. "महिना कुठं एवढ्या दिवसांचा असतो? टाइप करताना चुकलेत."

"आणि शेजारी बघ. गुणा मावशी." तौसीफला हसू आवरेना. "किल्ल्यावर दगडावर नावं कोरतात ना, तसं यानं मावशीचं नाव कोरलंय!"

दोघं पोट धरून हसली. तौसीफनं २९.५३ पुसून ३० लिहिलं. नाव बिनकामाचं म्हणून तेही पुसलं.

मी सत्तावीस वर्षं लोकांना हसलो, पण त्या दिवशी मला हसू आलं नाही. ओरडून सांगावं तर तोंड नाही. होडी का जहाज, एवढंच विचारता येतं मला.

एक्केचाळीस होड्यांची जागा मात्र पोरांनी झकास केली. तपासलंही. एक्केचाळीस नावं येतात? येतात. लाद्यांची बेरीज जुळते? जुळते. समृद्धीनं शेवटच्या चौकटीत हिरवा रंग भरला.

नारळी पुनवेच्या आदल्या सकाळी नवा लॅपटॉप घेऊन सगळे धक्क्यावर आले. बारा वाजायच्या आत कारखान्याला लाद्यांचा आकडा कळवायचा होता. उशीर झाला की गाडी दुसरीकडे. होड्यांना तोरणं लागली होती. दीनानाथ सरही आले होते, खाडीच्या वासानं नाकाला रुमाल लावून. दादूनं स्वतः बटण दाबलं. चिठ्ठी निघाली.

प्रत्येक होडीला दोन लाद्या.

दादूनं चिठ्ठी गुणामावशीला वाचून दाखवली. मावशी आता ऐंशीच्या घरातली, मासळीची पाटी पुढ्यात घेऊन बसलेली. ऐकून हसत सुटली. "पुनवेला दोन लाद्या? मेलेला समुद्र हाय का? ह्यो तर भांगाचा बरफ!"

"मी बोल्लो व्हतो," दादू म्हणाला. "म्हातारा येडा झालाय. फेका."

दीनानाथ सरांनी रुमालाआडून मॅडमकडे पाहिलं. मॅडमचा चेहरा उतरला. समृद्धी तर रडायच्या बेतात. आणि मला तुम्ही विचाराल तर, डबे मोडले, टोप्या डोक्यावर ठेवल्या, सगळं सोसलं. पण मावशीसमोर पाणी चुकलं, हे सोसवलं नाही.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. साडेदहा. "रडायला दुपार पडलीय," त्या म्हणाल्या. "सांगा, काय काय बदललंत? आठवून नको. प्रती काढा."

तौसीफनं रोजच्या प्रती उघडल्या. जुनी ओळ इकडे, नवी तिकडे, असं बघत बघत बाराव्या दिवसावर आला आणि थबकला. मान वर करून त्यानं म्हातारीकडे पाहिलं.

"मावशी, तुमचं नाव काय?"

"माजा? गुणा. का रं पोरा?"

तौसीफ जागेवरून उठलाच. लॅपटॉप घेऊन तिच्या पाटीशेजारी, मासळीच्या पाण्यात, मांडी घालून बसला. "मावशी, तुमचं नाव यात होतं. मी पुसलं. एक आकडा होता, तोपण बदलला. कशाचा होता तो?"

मावशीनं त्याला पंचांगांची सगळी गोष्ट सांगितली. खिळा, दहा वर्षं, पुनवेपासून पुनव. शेवटी कमळाकरचं नाव घेऊन म्हणाली, "त्याला मी बोल्ली व्हती, तीस धरशील तर फसशील."

"महिन्यामागे अर्ध्या दिवसाचा फरक," समृद्धी पुटपुटली, "आणि सत्तावीस वर्षांचे महिने..." तिनं बोटांवर मोजलं, मग मोबाइलवर गुणाकार केला. "सर, पुनव सरकून बरोबर अष्टमीवर गेलीय!"

तौसीफनं २९.५३ परत लिहिलं. चिठ्ठी निघाली. प्रत्येक होडीला सहा लाद्या.

"आता बरोबर कशावरून?" दीनानाथ सर म्हणाले. प्रश्न योग्य होता, माणूस अगदीच वाईट नाही. दादूनं डोकं खाजवलं, आत गेला आणि माशाच्या क्रेटमधून जुन्या चिठ्ठ्यांची चळत घेऊन आला. फेका म्हणणाऱ्या या माणसानं माझी एकही चिठ्ठी फेकली नव्हती! समृद्धी तारखा वाचत गेली, तौसीफ मला विचारत गेला, मी सांगत गेलो. तपासलेल्या वीसच्या वीस चिठ्ठ्या जुळल्या. दोन हजार तीन सालची एक चिठ्ठी ओली होऊन पुसट झाली होती. तिच्यावरचा आकडा मावशीनं तारखेची तिथी विचारून तोंडी सांगितला. तोही जुळला.

सव्वाअकराला दादूनं कारखान्याला फोन लावला. "दोनशे सेहेचाळीस लाद्या. हा, बरफ्यानं सांगितलंय."

त्या उधाणाला जाळी भरून आली. एक मासा वाया गेला नाही.

आता मी नव्या लॅपटॉपमध्ये असतो. शंभर होड्यांची जागा आहे, म्हणजे पुढची पंगतही बसली. मॅडमचा विषय चालू राहिला. दीनानाथ सरांनी सही करताना फक्त 'भंगार' हा शब्द खोडला. मॅडमनी आपल्या संशोधनात लिहिलंय, की वाचायला अर्धा दिवस धरला होता, लागले अकरा, आणि सगळ्यात महाग चूक झाली ती न विचारता पुसलेल्या एका नावामुळे. त्या निबंधात माझं नाव दोन ठिकाणी आहे. मी मोजलंय.

तौसीफनं मावशीचं नाव परत लिहिलं, या वेळी मराठीत, आणि खाली तीन ओळी. पुनव, पंचांग, कमळाकर. सगळं स्पष्ट. मग लॅपटॉप मावशीपुढे धरला. तिला वाचता येत नाही, म्हणून तिचं बोट धरून त्या नावावर ठेवलं. खवले चिकटलेलं बोट होतं, पडद्यावर अजून डाग आहे. मी कुणाला पुसू देत नाही.

"ह्यो मी?" मावशीनं विचारलं.

"हा तुम्ही."

"मंग ठेव."

तेव्हा पोरांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्यात हात घालायला याल. या. मी काही देव नाही, माझ्यात अजून पुष्कळ चुका आहेत आणि त्यातल्या दोन मी मुद्दाम लपवून ठेवल्यात. बदला, वाढवा, हसासुद्धा. फक्त त्या २९.५३ ला हात लावून बघा. तौसीफनं जाता जाता माझ्या तोंडी एक नवं वाक्य घातलंय. आकडा बदलायला गेलात की सगळं काम थांबवून मी पडदाभर अक्षरांत विचारतो,

"गुणामावशीला विचारलंस का?"