आतली बाजू

मित्रांनो, अंगणाच्या कोपऱ्यात आडवा पडलेला जुना टायर तुम्ही पाहिला असेल, तर तो मीच. ओझी ओढणाऱ्या पिकअपच्या मागच्या डाव्या चाकाचा.

बंद पडलेली खोदयंत्रं ट्रेलरवर चढवायची आणि ओढत न्यायची, हे आमच्या मालकांचं काम. ट्रेलर जोडला की गाडीचं बूड खाली बसायचं. पुढची चाकं हलकी होऊन मिरवायची आणि ओझं आम्हा मागच्यांच्या बोकांडी. तरी मला अभिमान होता. मालक रोज सकाळी माझ्या नक्षीत अंगठा घालून बघत आणि पठ्ठ्या अजून दमदार आहे म्हणत. लेकीलाही त्यांनी हेच शिकवलं होतं.

"आधी अंगठा, मग चावी," ते सांगत.

पण वळणावळणाला जड ट्रेलर ओढून माझी बाहेरची कड घासली. नक्षी गेली, एके ठिकाणी तार डोकावू लागली. नवा टायर यायला आठवडा होता. गिऱ्हाईक यंत्र सोपवण्याआधी टायरकडे बघतं, म्हणून मालकांनी पंक्चरवाल्याकडून मला रिमवरून उतरवून उलटा बसवून घेतलं. झिजलेली कड आत गेली, बरी कड बाहेर आली. खरं सांगतो, मीही खूश झालो. म्हातारपणी तरुण दिसायला कोणाला नको असतं?

तिसऱ्याच दिवशी मालकांची कंबर धरली. ते अंथरुणाला खिळले आणि गाडी लेकीच्या हाती आली. पोरगी कामाला चोख, पण मला उलटा केल्याचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी तिचा अंगठा माझ्या बऱ्या कडेवरून फिरायचा. अगं, आत बघ, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण टायरला तोंड नसतं. हवा सोडून रुसून बसावं, तर तेही माझ्या हातात नव्हतं.

एकदा ती माझ्याजवळ उभी असताना मालकांचा फोन आला. टायर बघितलेस का, असं त्यांनी विचारलं.

"रोज बघते बाबा. नक्षी छान आहे," ती म्हणाली.

त्यांना वाटलं, पंक्चरवाल्याने नवा टायर बसवला; तो तर अजून आलाच नव्हता. ते निर्धास्त झाले.

पुढच्याच आठवड्यात, खोदयंत्र घेऊन उतारावरून येताना मी फुटलो. ट्रेलर आडवा झाला आणि गाडीला घेऊन कठड्यावर आदळला. लेकीचा पाय दोन ठिकाणी मोडला. मी काहीच करू शकलो नाही.

आता ती ओसरीवर प्लास्टरमधला पाय लांब करून बसते. काल ती वडिलांना म्हणाली, "बाबा, चूक माझीच. मी नीट बघितलं नसणार. आता गाडीला हात लावायची नाही."

मालक काठीवर रेलून उभे होते. त्यांनी तिच्या पायाखालची उशी सरळ केली आणि ते आत गेले. पंक्चरवालाही मूग गिळून बसला आहे. अपघातानंतर मला अंगणात उतरवलं, तेव्हा मालकांनी माझ्या घासलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. तार टोचून रक्त आलं. मग त्यांनी स्वतःच्या हातांनी मला ती कड मातीकडे करून ठेवलं.

मित्रांनो, गाडीत बसण्याआधी टायर आतूनही बघत जा. आणि कधी या अंगणात आलात, तर एवढं करा. तिच्या देखत मला एकदा उलटा करून ठेवा.