करवलीचं नाव

शकुनताई तायडेंच्या गाण्यावरून माणसं एकमेकांच्या उरावर बसतील असं सबीहाला कधी वाटलं नव्हतं. आणि तेही कोणत्या गाण्यावरून, तर कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला अगदी शेवटी कोंबलेल्या हळदीच्या गाण्यावरून! ताईंची बाकीची गाणी अमरावतीपासून अकोल्यापर्यंत लग्नालग्नात वाजतात. या एका गाण्याला मात्र कुत्रंही विचारत नव्हतं. वर्षापूर्वी खुशालरावांनी ते यूट्यूबवर टाकलं तेव्हा कुठं लोकांना कळलं की असं काही आहे. खुशालराव म्हणजे अमरावतीचे रिटायर कंडक्टर, 'शकुनताईंचे चाहते' या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन. आता उद्यावर अमरावतीत ताईंचा सत्कार आला होता आणि सुरुवातीला हेच गाणं वाजवायचं त्यांनी ठरवलं होतं.

झालं, तिथंच ठिणगी पडली. नांदगाव पेठेत कापड कारखान्यात कामाला असलेल्या नितेशनं ग्रुपवर लिहिलं, "हा आवाज ताईचा नाहीच. ताईचा आवाज भरदार. हे कोणी भाड्यानं आणलेली बाई हाय. हे गाणं वाजवू नका, ताईची इज्जत जाईन."

खुशालराव भडकले. "कान तपासून घे आधी. 'शकुन करवली' असं गाण्यात साफ ऐकू येते. दुसऱ्या बाईनं काहून ताईचं नाव घेतलं असतं?"

मग काय, दोन तट पडले. नावावर बोट ठेवणारे एकीकडे, आवाजावर बोट ठेवणारे दुसरीकडे. दुपारपर्यंत गोष्ट एकमेकांचे आईबाप काढण्यापर्यंत गेली. एवढे सगळे गाण्याचे दर्दी, पण ज्यांच्या घरी दर लग्नात हळदीची गाणी होतात त्यातल्या एकालाही घरातल्या बाईला दोन शब्द विचारावेसे वाटले नाहीत.

अकोल्याला ताजनापेठेत ग्रुपवरचं हे सगळं वाचणाऱ्या सबीहाची शिलाई मशीन थांबली होती. अर्धवट ब्लाउज तसाच सुईखाली पडलेला. 'भाड्यानं आणलेली बाई' हे शब्द तिला डोळ्यांसमोरून हलवता येईनात, कारण ती बाई तिच्यापासून चार हातांवर बाजेवर बसून मेथी निवडत होती. तिची अम्मी, सईदा.

सईदा आणि शकुन मूर्तिजापूरजवळच्या एकाच गावच्या, एकाच गल्लीतल्या. गल्लीतल्या लग्नात दोघी जात्याजवळ बसून गायच्या. पुढं शकुनचं नाव झालं आणि सईदा तिच्यामागं कोरसला उभी राहिली. त्या एका दिवशी मात्र स्टुडिओत हे गाणं सईदानं एकटीनं गायलं, शकुन बाहेर बसून राहिली. कॅसेटचं कव्हर आधीच छापून आलं होतं, त्यावर शकुनचा फोटो होता, गाणंही तिच्याच नावावर गेलं. सईदाच्या आवाजाची ही एवढीच एक खूण जगात उरली. काहून असं झालं ते अम्मी सांगत नसे. शकुनला जबान दिली आहे, एवढंच म्हणे. पण गाणं यूट्यूबवर आल्यापासून रोज विचारायची, आज लोकायनं काय लिवलं? सबीहा वाचून दाखवायची आणि अम्मी तोंडाला ओढणी लावून हसायची.

"काय लिवून राहिले आज?" अम्मीनं आताही विचारलं.

"चांगलंच लिवलं."

"मंग तुहं तोंड काहून उतरलं?"

सबीहाचं डोकं फिरलं होतं. तिनं टाइप केलं, 'हे गाणं माझ्या अम्मीनं गायलं आहे,' आणि पाठवूनही दिलं. मग तिनं अम्मीला सांगितलं. मेथीची जुडी अम्मीच्या हातून खाली पडली.

"मिटव ते! आत्ताच्या आत्ता मिटव!"

तिनं मिटवलं. पण तेवढ्यात कुणीतरी त्या मेसेजचा फोटो काढून ठेवलाच होता. बंडू नावाच्या एका दीडशहाण्यानं तो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आता हळदही तुमचीच का?' त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. सबीहाच्या अंगाचा तिळपापड झाला. शेवटी नितेशनं लिहिलं, "भांडता कायले? उद्या भर सभेत ताईलेच विचारतो."

हे सगळं ऐकल्यावर अम्मीनं सांडलेली मेथी गोळा केली. मग म्हणाली, "उद्या अमरावतीले जाऊ."

"आपला हक्क सांगाले?"

"शकुनले एकटीले कसं सोडू, बेटा?"

सबीहाला रडू आलं. आपली आई इतकी भोळी का, याचा तिला रागही आला.

दुसऱ्या दिवशी अमरावतीचं सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगांत बाया, मागं ग्रुपवाले. शकुनताई थकलेल्या दिसत होत्या, घसा बसलेला होता. शाल-श्रीफळ झालं आणि नितेश उठला. चांगला सरळ पोरगा दिसत होता. "ताई, राग मानू नका. ते हळदीचं गाणं तुमी गायलं का? ग्रुपवर लय भांडण झालं."

खुशालरावांनी कपाळाला हात लावला. ताईंनी माइक तोंडाजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला. बोल बाई, एकदा तरी खरं बोल, असं सबीहा मनातल्या मनात म्हणत होती. आणि तिच्या शेजारून अम्मी उठली.

"ताईनंच गायलं! मी कोरसमधी होती. माह्या डोयानं पाह्यलं!"

सबीहानं तिची ओढणी ओढली, पण अम्मी बसेना. ग्रुपवाल्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बंडू तर शिटीच वाजवणार होता.

"सईदा?" ताई डोळे बारीक करून बघत होत्या. "सईदा, तू व्हय का? म्हातारपणी खोटं बोलून राहिली वं?"

टाळ्या थांबल्या.

"त्या दिवशी सकाळी माहा चुलतसासरा गेला होता," ताई सभेला म्हणाल्या. "मले सुतक होतं."

बस, एवढंच. पुढच्या रांगांतल्या बायांच्या तोंडून एकदम 'अगं बाई' निघालं. सुतकात हळद कोण गाईल?

"सुतकात स्टुडिओत गेली हे कळलं असतं तर सासूनं मले घरात घेतलं नसतं. म्हणून हिच्याजवळून जबान घेतली. सासू मरून गेली, तरी मी ते जबान सोडवली नाही. माह्या नावाचं म्हणसान तर या बायायले विचारा. हळदीत आपलं नाव आपण घेते का कोणी?"

"नाही वं माय!" पहिल्या रांगेतली एक म्हातारी ओरडली. "ज्याच्यासाठी गाते, त्याचं घेते!"

खुशालराव आणि नितेश एकमेकांकडे बघत राहिले.

"मी बाहेर पायरीवर रडत बसली होती आन आत हे मले करवली करून राहिली होती." ताईंचा आवाज फाटला. "भाड्यानं आणलेली नव्हती रे बाप्पा. माह्या गल्लीतली होती."

म्हणजे त्यांनीही ग्रुपवरचं सगळं वाचलं होतं. नितेशनं मान खाली घातली. ताईंनी माइक दोन्ही हातांनी धरला आणि बसलेल्या घशानं सूर लावला,

"हळद दळली, वाटीत माईना,
सईदा करवली, घरात राहीना..."

बायांनी ओळ उचलली. अम्मी उभ्या उभ्याच हुंदके देत होती, सबीहानं तिला कमरेला धरलं. ओळ फिरून आली तशा ताई थांबल्या.

"पुढचं मले येत नाही वं सईदा. मी कधी गायलंच नाही."

अम्मीनं ओढणीनं नाक पुसलं. "सूर लय खाली लावला तुनं," ती म्हणाली, आणि उभी होती तिथूनच तिनं पुढची ओळ उचलली.