दसऱ्याचा गठ्ठा

डॉक्टर क्रांतीचं नाव सांगली-साताऱ्यात झालं ते मामाच्या मेलेल्या मेंढरांमुळं.

महापुराच्या आदल्या वर्षीची गोष्ट. जतकडचा तिचा मामा बिरदेव मेंढरं घेऊन तासगाव भागात उतरला होता, आणि ऐन दसऱ्यात कळपाला रोग लागला. डोळे पिवळे, लघवी लाल, सकाळी उभं असलेलं जनावर दुपारी आडवं. क्रांती तेव्हा सरकारी दवाखान्यात नवीनच लागली होती. गोचिडांचा ताप समजून तिनं इंजेक्शनं टोचली आणि तिथंच बांधावर बसून, दोन्ही जिल्ह्यांतल्या जनावरांच्या डॉक्टरांची जी मेलिंग लिस्ट होती तिच्यावर लिहिलं, अशी अशी लक्षणं आहेत, कुणी पाहिलंय का?

उत्तर मिळालं नाही. आठवडाभरात कळप संपला. पुढं प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा कळलं, मेंढरांच्या यकृतात तांबं साठलं होतं. छाटणी झालेल्या द्राक्षबागांचा पाला ती रोज खात होती आणि त्या पाल्यावर मोरचूद, म्हणजे तांब्याचं औषध, फवारलेलं होतं. क्रांतीनं यावर लेख लिहिला, पत्रक काढलं, गावोगाव धनगरांच्या बैठका घेतल्या. पूर ओसरल्यावर सांगलीत तिचा सत्कार झाला.

त्या सत्कारात कराडचे डॉक्टर हंबीरराव उठले. साठी उलटलेला माणूस, लिस्ट त्यांनीच सुरू केलेली. ते म्हणाले, पोरीनं काम चांगलं केलं, पण मोरचुदाचं मी तिला त्याच दिवशी कळवलं होतं.

सभागृहात कुजबुज झाली. दोघा-तिघांनी तिथंच फोन काढून हंबीररावांचं नाव घालून शोधलं. काही आलं नाही. 'मोरचूद' घालून शोधलं, तरी काही नाही. हंबीरराव सांगत राहिले की मेल गठ्ठ्यात आहे, गठ्ठा उघडा. लिस्टवर दिवसभरात आलेले सगळे मेल संध्याकाळी एकाच मेलला जोडून यायचे, त्याला सगळे गठ्ठा म्हणत; लिस्ट चालवणाऱ्या हंबीररावांना मात्र ते आल्या आल्या दिसत. पण दसऱ्याचा गठ्ठा म्हणजे नुसता शुभेच्छांचा ढीग. चार उघडले, चारीत सोनं आणि झेंडूची फुलं, आणि पुढचे उघडायचा सगळ्यांनाच कंटाळा आला. हंबीररावांची स्वतःची प्रत म्हणाल तर त्यांचा कॉम्प्युटर पुरात गेला होता.

त्या रात्री क्रांतीनं लिस्टवर चारच ओळी लिहिल्या. मेलेल्या जनावरांवर मोठेपणा मिळवायचा प्रयत्न आपल्या वयाला शोभत नाही, अशी त्यातली शेवटची ओळ होती. लोकांना ती फार आवडली. हंबीररावांना कार्यक्रमांची निमंत्रणं बंद झाली. कुणी थापा मारायला लागला की 'झाले हंबीरराव' असं म्हणायची पद्धत पडली. बिरदेव तर कराडला त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. ठाऊक असून गप बसलास, म्हणाला, आणि उंबऱ्यावर थुंकून आला. हंबीररावांच्या पत्नी लीलाबाई यांनी तो उंबरा पुसला, आणि नवऱ्याला हसणाऱ्या प्रत्येकाशी संबंध तोडला. त्यात त्यांची सख्खी बहीणही होती.

यंदा डॉक्टरांच्या संघटनेनं जुने मेल शोधता येतील असे करून घ्यायचं ठरवलं. काम कराडच्या प्रांजलकडं दिलं, ती तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. देखरेख क्रांतीकडं आली, कारण आता संघटनेची अध्यक्ष तीच होती.

प्रांजलनं तिला लॅपटॉपवर दाखवलं. "मॅडम, जुना शोध फक्त वरचा मेल वाचायचा. जोडलेल्या मेलांत काय आहे ते त्याला दिसायचंच नाही. मी आता आतला प्रत्येक मेल सुटा करून त्याची सूची केलीय. कुठलाही शब्द घाला."

क्रांतीनं गमतीनं 'मोरचूद' घातला. तिच्या लेखावरचे अभिनंदनाचे मेल येतील असं तिला वाटलं होतं. सगळ्यात वर हंबीररावांचा मेल आला. दसऱ्याचा दिवस, दुपारची वेळ.

'हे गोचिडाचं दुखणं नव्हे. मेंढरं द्राक्षाच्या पाल्यावर असतील तर आजच हलवा, मोरचूद अंगात भिनलंय. पाला बंद केला तर निम्मी तरी वाचतील. तुमचा फोन नंबर कळवा, मी स्वतः येतो.'

क्रांतीला तो गठ्ठा आठवला. त्याच संध्याकाळी बांधावर फोनवर तिनं तो पाहिला होता. जोडलेल्या मेलांची लांबलचक रांग होती, फोनवर उघडायला वेळ घेत होती, आणि पहिलाच शुभेच्छांचा निघाला म्हणून तिनं फोन खिशात टाकला होता.

"हे तेच ना?" प्रांजलनं हळूच विचारलं. कराडात ती गोष्ट कुणाला माहीत नव्हती?

क्रांतीनं लॅपटॉप मिटला. ती म्हणाली, त्या महिन्याचे गठ्ठे खराब निघाले असं अहवालात लिहायचं आणि ते सूचीतून काढायचे. प्रांजलनं मान खाली घातली. काम मंजूर करणं क्रांतीच्या हातात होतं. "काढते," ती म्हणाली.

जुने मेल आता शोधता येतात ही बातमी हंबीररावांपर्यंत गेलीच होती. पक्षाघातानं ते अंथरुणाला खिळले होते. लीलाबाईंचा फोन आला, ते रोज विचारतायत, एकदा येऊन जा. टाळलं असतं तर बरं दिसलं नसतं, म्हणून क्रांती कराडला गेली.

त्यांना उशीला टेकवून बसवलं होतं. दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. लीलाबाईंनी चहा ठेवला आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

"घावलं का?" हंबीररावांनी विचारलं. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळत होते.

"नाही सर," क्रांती म्हणाली. "प्रत्येक मेल उघडून पाहिला. तुमचा त्यात नाही."

त्यांनी मान उशीवर टाकली. मग म्हणाले, "मला तर लिवल्यालं आठवतंय. पर लिवायचं मनात आलं आसंल आन ऱ्हाऊन गेलं आसंल. वय झालं. बाई, मी तुमास्नी लय तरास दिला. माफ करा."

"राहू द्या सर," क्रांती म्हणाली आणि चहा प्याली.

लीलाबाई नवऱ्याकडं बघत होत्या. इतकी वर्षं त्या त्याच्यासाठी साऱ्या गावाशी भांडल्या होत्या. "म्हंजे तुमी लिवलंच न्हवतं?" त्यांनी विचारलं. "आन मी माझ्या भैनीच्या मयताला सुदिक गेले न्हाई." हंबीररावांनी चांगला होता तो हात त्यांच्याकडं केला. त्या उठल्या आणि कपबशा घेऊन आत गेल्या.

दारापर्यंत सोडायला मात्र त्या आल्या. म्हणाल्या, बिरदेवला सांगा, आमी माफी मागितलीया.

क्रांतीनं तो निरोप खरोखरच पोचवला. बिरदेव आता दुसऱ्याच्या बागेत फवारणीला जायचा. भाचीचं सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "आता मरताना आठवलं व्हय त्याला? किडं पडून मरूंदे."

"असं बोलू नये, मामा," क्रांतीनं त्याला समजावलं. "म्हातारा माणूस आहे. आपण मोठं मन करावं."