छपरावरची घूं घूं

आमच्या ह्यांचा जन्म पंखे दुरुस्त करण्यात गेला. म्हणून घराच्या भिंतीला खांब ठोकून त्यावर पवनचक्की बसवताना यांना कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. "पंखा तो पंखाच! तो वीज खाऊन वारा देतो, ही वारा खाऊन वीज देईल." मी म्हटलं, "अहो, सोबत आलेलं पुस्तक तरी वाचा." तर म्हणे, "आता तू शिकव मला!"

हौस म्हणून नव्हती हो आणली. सासूबाईंची फुफ्फुसं थकलीत. नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन. आणि आमच्याकडे जरा वारा सुटला की पहिली जाते ती वीज. मग जो वारा वीज घालवतो त्यानेच ती द्यावी, असं यांच्या डोक्यात आलं. खोटं कशाला बोलू, मलाही पटलं होतं.

चक्की फिरली, बॅटरी भरायला लागली आणि हे लगेच अर्ध्या हळकुंडाने पिवळे झाले. पण खांब भिंतीलाच, त्यामुळे घरभर नुसती घूं घूं. फडताळातली भांडी थरथरायची. मी घरी शिवणकाम करते. सुईत दोरा ओवतानाही भिंत कानाशी गुरगुरायची. डोकं उठायचं अगदी. आईंना मात्र तोच आवाज हवा असायचा. "वर चाललंय ना, मग मी बिनघोर," म्हणायच्या. थांबला की लगेच डोळे उघडायच्या आणि त्यांचा श्वास चढायचा.

त्या दिवशी सकाळीच तारा तुटल्या. वीज गेली, वारा पिसाळला. मशीन बॅटरीवर चालू होतं, आईंना डुलकी लागली होती. तेवढ्यात वर खडखड सुरू झाली. कुठलातरी नट ढिला झाला असावा. मी ओरडले, "अहो, आधी बंद करा ते!"

ह्यांनी बॅटरीकडे येणारी चक्कीची वायर उपटली. पंख्याची वायर काढली की पंखा थांबतो, हाताला तीच सवय. पण चक्कीला बॅटरीचंच ओझं असतं. ते काढलं आणि ती मोकाट सुटली. घूं घूंची किंचाळी झाली, भिंत हादरली, आणि एक पातं तुटून अंगणात येऊन रुतलं. पाठोपाठ खांब वाकला. आधी ब्रेकचं बटण दाबायचं, हे पुस्तकाच्या पहिल्याच पानावर होतं.

हे पांढरेफटक पडले. मी वाटेल ते बोलणार होते, पण ते उपटलेली वायर हातात धरून तसेच उभे होते, म्हणून जीभ आवरली. "बॅटरीत वीज आहे तोवर जा आणि ऑक्सिजनचा सिलिंडर आणा. जा!" ते स्कूटर घेऊन निघाले. रस्त्यात झाडं पडली असतील, हे दोघांनाही माहीत होतं.

आतून आईंची हाक आली, "काय पडलं गं?"

"पत्रा उडाला, आई."

"आणि वरचं थांबलं का?"

"वारा पडलाय जरासा." बाहेर दारं आपटत होती. कसलं हे माझं खोटं बोलणं! त्यांचा श्वास भराभर व्हायला लागला, ओठ निळसर दिसले. बॅटरी पुरेल न पुरेल, पण या अशाच घाबरत राहिल्या तर त्याआधीच घात व्हायचा.

आईंच्या खोलीच्या दाराशीच माझं पायाचं शिलाई मशीन असतं. मी ते भिंतीला टेकवलं, बसले, हाताला लागलं ते कापड सुईखाली सरकवलं आणि पाय मारायला लागले. भिंत गुरगुरली. फडताळातली भांडी थरथरली. हळूहळू आत आईंचा श्वास खाली बसला.

बराच वेळ गेला. पोटऱ्या भरून आल्या. स्कूटरचा आवाज काही येईना.

"सूनबाई," आईंनी हाक मारली. "तुझं मशीन आहे ते. मला कळतं गं."

माझे पाय मंदावले.

"थांबू नकोस पण," त्या म्हणाल्या.

कापड केव्हाच संपलं होतं. मी पाय मारत राहिले.