अर्ध्या तासाचा शटडाऊन

कबड्डीची जर्सी छापायची तर बिल्किसकडे, हे रत्नागिरीत ठरूनच गेलं होतं. तालुक्यात संघ किती याचा सरकारला पत्ता नसेल, पण तिच्या कॉम्प्युटरला होता. प्रत्येक गावाची एक फाइल, फाइलमध्ये वाड्यावाड्यांचे संघ, आणि संघाखाली बारा पोरांची नावं, नंबर, साइज. पोरं मोबाइलवर मोठ्या लीगच्या बातम्या वाचत दुकानात शिरायची आणि त्यातला एखादा फोटो पुढे करून म्हणायची, "भाभी, आमाला अशीच कॉलर पायजे." कॉलर लीगची, छातीवर नाव मात्र गावातल्या चिकन सेंटरचं. बिल्किसला मनातून हसू यायचं, पण छापायची ती जीव ओतून.

मालगुंडची फाइल मात्र तिने वर्षभर उघडली नव्हती.

म्हणून मार्चमधल्या त्या दुपारी गंगाराम गोताड दुकानाची पायरी चढला, तेव्हा ती खुर्चीतून अर्धी उठली. गंगाराम वीज मंडळात वायरमन. वय पन्नाशीच्या आतलं, पण वर्षभरात माणूस निम्मा झाला होता. त्याचा मुलगा नितेश मालगुंडच्या संघात चढाया करायचा. गेल्या वर्षी याच दुकानातून जर्सींचा गठ्ठा घेऊन तो मोटारसायकलने घरी निघाला आणि आरे-वारेच्या उतारावर डंपरखाली गेला. बिल्किस मयतीला जाऊन आली होती. त्यानंतर कुठे गंगाराम दिसला की ती रस्ता बदलायची.

"बसा भाऊ," ती म्हणाली आणि उगाचच टेबल पुसायला लागली.

गंगाराम बसला. खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून त्याने तिच्यापुढे सरकवला. "पुढल्या आयतवारी वर्सश्राद्ध हाय. पोरांनी स्पर्धा ठेवलीय, त्याच्या नावाचा चषक. जर्सी माज्याकडनं देईन म्हणून सांगितलाय मी. ही गुरुप्रसादनं लिस्ट दिलीय. पाठीवर नितेशचा फोटो घाला. फोटो तुमच्याकडंच आसंल."

गुरुप्रसाद म्हणजे संघाचा कप्तान. कोकणात हे असंच चालतं. खेळणारा पोरगा गेला की गाव त्याच्या नावाचा चषक लावतं, आणि जर्सी त्याच्या घरचे देतात. मैदानात दुसऱ्यांची पोरं आपल्या पोराचा फोटो पाठीवर घेऊन पळतात आणि आईबाप कडेला खुर्चीवर बसून ते बघतात. कसे बघतात देव जाणे, पण बघतात.

बिल्किसने फाइल उघडली. फोटो होता. हसरा, नुकतीच मिशी फुटलेला, मांडीवर थाप मारायच्या तयारीतला. तिने डोळे खाली घातले.

त्या दिवसाचं सगळं तिला घड्याळासकट पाठ होतं. मालगुंडच्या जर्सी बाराला देते, असं तिने कबूल केलं होतं. नक्षी कागदावर छापून तयार होती, कापड कापून तयार होतं. फक्त दोन्ही एकत्र प्रेसखाली घालून रंग कापडावर उतरवायचा आणि शेजारच्या शिवणवालीकडे द्यायचं, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात शहरातल्या एका मंडळाचा फोन आला. त्या संध्याकाळी मोठ्या लीगची फायनल होती आणि फायनलच्या संघात राजापूरकडचा एक मुलगा होता. मंडळ चौकात पडदा लावणार होतं, आणि सगळ्यांना त्या मुलाच्या नावाच्या जर्सी हव्या होत्या. वर हेही, की क्रीडा पानासाठी पेपरवाला चौकात फोटो काढायला येणार आहे. सामन्याचा नव्हे, जर्सी छापणाऱ्या बाईचा.

बिल्किसने मालगुंडचा गठ्ठा बाजूला सारला. चार पैसे जास्त मिळतील म्हणून नव्हे. तिला पेपरात फोटो हवा होता. कुवेतला मुसाला, म्हणजे नवऱ्याला, पाठवायचा होता, आणि बाईमाणसाने मशीन घेतलं म्हणून नाकं मुरडणाऱ्या नणंदांना दाखवायचा होता. एवढी हौस कोणालाही असते. तिथेच ती थांबली असती आणि नितेशला खरं सांगितलं असतं, तर त्याने फार तर तोंड वाकडं केलं असतं.

नितेश बाराला आला, आणि होतंच आलंय म्हणून तिने त्याला बसवून ठेवलं. दोनला लाईट गेली आणि अर्ध्या तासाने आली. चारला तो दारात येऊन म्हणाला, "भाभी, उजेड हाय तवर पोचलो तर बरा. उद्या सकाळची पयली मॅच आमची." तेव्हा बिल्किसला ती गेलेली लाईट आठवली. "काय करू रे, लाईट आली पन व्होल्टेज नाय. मशीन तापतच नाय." आतल्या खोलीत मशीन चांगलं तापलेलं होतं आणि त्याखालून राजापूरच्या मुलाचं नाव एकामागून एक बाहेर पडत होतं. नितेश बाहेर बाकावर बसून फायनलच्या बातम्या वाचत राहिला. साडेसातला गठ्ठा त्याच्या हातात पडला, आणि आठला तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी पेपरात क्रीडा पानावर बिल्किस होती आणि तिसऱ्या पानावर नितेश. तिने कात्रण मुसाला पाठवलं नाही. मयतीला कोणीतरी विचारलं, एवढा उशीर कसा झाला? ती म्हणाली, लाईट नव्हती. सगळ्यांनी माना डोलावल्या. लाईट नसणं ही काही कोणाची चूक नसते, निदान तिला तेव्हा तसं वाटलं.

"आता व्होल्टेज बराबर येतो ना?" गंगारामने विचारलं.

बिल्किसने चमकून वर बघितलं. तो दारावरच्या वायरींकडे बघत होता.

"येतो ना," ती पुटपुटली. "का?"

"त्या दिवशी शटडाऊन मीच घेतलेला." तो शांतपणे बोलत होता, वर्षभर मनात घोळवून गुळगुळीत झालेलं बोलणं. "हीच लाईन बंद केलेली. नाक्यावरच्या पोलावर तारेची एक जोड जळली व्हती, ती बदलली. अर्ध्या तासात काम झाला. मग चार वाजता नितेशचा फोन आला. म्हणाला, बाबा, भाभीकडं व्होल्टेज नाय, मशीन तापत नाय, जरा बघून जावा. मी जवळच व्हतो, दहा मिनटाच्या वाटेवर. पन म्हटला, जोड मी सोता मारलीय, ती कशी सैल ऱ्हाईल? त्याला म्हटला, थांब थोडा, येईल."

बिल्किसचा हात माउसवर तसाच राहिला. या फोनचं तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"सैल ऱ्हायली आसंल," गंगाराम म्हणाला. "मी जाऊन बघितला आसता तर पाच मिनटाचा काम व्हता. तो सहाच्या आत निघाला आसता. उजेडात." जरा थांबून तो म्हणाला, "तवापास्नं पोलावर चढलो नाय. हात कापतात. सायबाला सांगून तक्रारीच्या फोनवर बसलोय. लोक फोन करतात, लाईट नाय, लाईट नाय. मी लिवून घेतो."

"आनि सुगंधाभाभी?" बिल्किसने त्याच्या बायकोचं विचारलं.

"ती माज्याशी बोलत नाय. वाढते, कपडे धुते, समदा करते. बोलत नाय. तेराव्याला एकदाच बोलली. म्हणाली, तुमच्या लाईटीन माजा पोर खाल्लान. त्याच्यानंतर शबूद नाय."

पंखा डोक्यावर गरगरत होता आणि बिल्किसला हवा लागत नव्हती. खरं माहीत असलेलं एकच माणूस जगात उरलं होतं, ते म्हणजे ती स्वतः. गप्प बसली असती तर हे कधीच कोणाला कळलं नसतं. जर्सी सुंदर छापायच्या, चषकाला जाऊन यायचं, डोळे पुसायचे, की संपलं. पण समोर बसलेला माणूस तिच्या तोंडच्या एका वाक्याखाली वर्षभर भरडला जात होता, आणि घरात बायकोच्या तोंडाकडे बघत जेवत होता. आपण त्या पोराचा फक्त वेळ खाल्ला असं तिने स्वतःला समजावलं होतं. आपण त्याच्या बापालाही खाल्लंय, हे तिला आत्ता कळलं.

"भाऊ," ती म्हणाली, "व्होल्टेज व्हता."

गंगारामला समजलं नाही.

"त्या दिवशी व्होल्टेज पुरा व्हता. अर्धा तास लाईट गेली तेवढीच. मी खोटा बोलले नितेशशी. दुसऱ्यांच्या जर्सी आदी घेतल्या, फायनलच्या. पेपरवाला माजा फोटो काढायला येनार व्हता म्हनून. त्याला बसवून ठेवला, आनि सांगितला मशीन तापत नाय." ती उठून भिंतीला टेकली. "तुमची जोड सैल नव्हती भाऊ."

गंगारामने आधी वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघितलं. मग त्याने विचारलं, ते रडवेल्या बापाने नव्हे, वायरमनने विचारावं तसं. "दिवे मंद झाले व्हते?"

"नाय."

"पंखा?"

"जोरात फिरत व्हता."

"मशीन कितीवर चालता?"

"दोनशे डिगरी. त्या दिवशी एकदा पन खाली आला नाय."

"परत सांगा."

तिने परत सांगितलं. त्याने तिसऱ्यांदा सांगायला लावलं, आणि तिने तिसऱ्यांदाही सांगितलं. मग गंगारामने आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. ओरडेल, शिव्या घालेल, म्हणून बिल्किस भिंतीला टेकून उभी होती. तसं काही झालं नाही.

"चला," तो उठत म्हणाला. "तिला सांगा."

"उद्या येते भाऊ. सकाळीच."

"उद्या नको."

बिल्किसने मशीन बंद केलं, शटर ओढलं, ओढणी डोक्यावर घेतली आणि त्याच्या स्कूटरवर मागे बसली. आरे-वारेच्या उतारावर गंगारामने वेग कमी केला नाही की वाढवलाही नाही.

सुगंधा घरापुढच्या खळ्यात काजूच्या बिया वाळत घालत होती. स्कूटरवरून बिल्किसला उतरताना बघून ती उभी राहिली. बिल्किसने खळ्याच्या कडेलाच चपला काढल्या आणि उन्हात उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दुकानात सांगताना जीभ अडखळत होती, इथे नाही अडखळली. पेपरवाल्याचाही भाग तिने गाळला नाही, आणि फोनचं तिला आजच कळलं हेही सांगितलं.

ऐकून झाल्यावर सुगंधाने विचारलं, "त्या फायनलच्या जर्सी किती व्हत्या?"

"चाळीस."

"आणि आमच्या?"

"बारा."

"बारा जर्सीला किती येळ लागता?"

बिल्किसला वाटलं, हा प्रश्न कोणी विचारू नये म्हणूनच आपण वर्षभर पळत होतो. "शिवून धरून दीड तास," ती म्हणाली.

"दीड तास," सुगंधा म्हणाली. ते तिने एकदाच म्हटलं. मग ती नवऱ्याकडे वळली. गंगाराम स्कूटरपाशीच उभा होता, परवानगीशिवाय पुढे यायचं नाही असा. ती त्याच्याकडे बघत राहिली. वर्षभरात तिने त्याला असं बघितलं नसावं.

"आत या," ती म्हणाली. "उन्हात नका ऱ्हावू उभं."

गंगारामला तिथेच हुंदका फुटला. मोठा माणूस, पण तोंडावर हात धरून लहान मुलासारखा रडत तो तिच्या बाजूने घरात गेला. बिल्किसलाही रडू आलं, पण इथे रडायचा हक्क आपल्याला नाही, एवढी अक्कल तिला होती.

सुगंधा दाराच्या उंबऱ्यावर थांबली. "तू सांगितलास ते बरा केलास," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि रागापेक्षा ते वाईट होतं. "त्या माणसाला मी वरसभर मारीत व्हते, ते आज थांबला. पन चषकाच्या जर्सी तू छापायच्या नायस. माज्या पोराचा फोटो तुज्या हाताखालनं जायचा नाय. गुरुप्रसादला मी सांगीन. आणि तू येऊ पन नको त्या दिवशी."

"नाय येनार," बिल्किस म्हणाली.

तिने चपला हातातच घेतल्या आणि खळ्याबाहेर येऊन घातल्या. एस.टी.चा थांबा लांब होता. मागे घरात गंगाराम काहीतरी बोलत होता आणि सुगंधा त्याला उत्तर देत होती. काय, ते बिल्किसला कळलं नाही. ऐकायला ती थांबलीही नाही.