कापणीतली घट

पूर्व जावातल्या सुंबरलेगी या गावाची माहिती मी अकरा वर्षांपूर्वी लिहिली. चौतीस पानं आहेत. गाव ज्वालामुखीच्या पश्चिम उतारावर, समुद्रसपाटीपासून दोनशे दहा मीटरवर. वरच्या अंगाला लवंगेची झाडं, खाली भातखाचरं, मधून डचांच्या काळातला कालवा. माती काळसर आणि हलकी, पाणी धरून ठेवणारी. घरं चारशे बारा. बाजार दर पाच दिवसांनी. या सगळ्यात एकही चूक नाही. चूक एकोणिसाव्या पानावर आहे आणि ती मला यंदाच्या एप्रिलपर्यंत ठाऊक नव्हती.

मी अमेरिकेत कॅरीला राहते आणि घरापासून पंधरा मिनिटांवरच्या एका शेतीसंशोधन संस्थेत काम करते. एप्रिलमधल्या एका शनिवारी रेत्नो आमच्याकडे जेवायला आली. ती सुंबरलेगीची. पाहणीच्या वेळी मी पाच आठवडे तिच्या घरी राहिले होते. तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि माझ्या वजनकाट्यावर उभी राहून स्वतःचं वजन करायची. आता ती इथल्या विद्यापीठात एम.एस. करायला आली होती. तिच्या अर्जासोबतचं एक शिफारसपत्र माझं होतं. ती मला 'बु वसुधा' म्हणते. बु म्हणजे बाई, आदराने. आम्ही इंग्रजीत बोलतो, अधूनमधून माझं मोडकंतोडकं इंडोनेशियन.

माझ्या नवऱ्याला, उल्हासला, ती 'सर' म्हणाली तेव्हा तो हसला. "सर नको गं, काका म्हण. इथे टक्कल पडलं की माणूस काका होतोच."

मी वरण-भात, बटाट्याची भाजी आणि कोशिंबीर केली होती. रेत्नो हाताने जेवली, आमच्याइतक्याच सहजपणे.

"तुमच्या गावावर हिने पुस्तक लिहिलंय, माहीत आहे ना?" उल्हास तिला म्हणाला. "घरात इतकं सुंबरलेगी सुंबरलेगी चालायचं, की मला वाटायचं माझी सासुरवाडी तिकडेच आहे."

"वाचलंय, काका. त्याबद्दलच विचारायचं होतं."

जेवण झाल्यावर तिने पिशवीतून माझ्या अहवालाची प्रत काढली. गावात कापणीयंत्र आल्यावर काय बदललं, हा तिच्या प्रबंधाचा विषय होता. एकोणिसाव्या पानावर तिने पेन्सिलीने रेघ मारली होती.

"बु, इथे लिहिलंय, कापणीतली घट सोळा पूर्णांक सात टक्के. ही कशी मोजलीत?"

मला असे प्रश्न आवडतात. मी सविस्तर सांगितलं. उभ्या पिकात अडीच मीटरचे चौकोन आखले, ते स्वतः कापले, मळले, वाळवले, तोलले. मग त्याच शेतातून घरी किती भात आलं, ते मालकाच्या पडवीत तोललं. अशी अडतीस घरं. दोन वजनांतला फरक म्हणजे कापताना आणि मळताना वाया गेलेलं धान्य.

"पडवीत," ती म्हणाली. "मग बावोन कुठे धरलंत?"

"बावोन?"

तिने एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. कापणीला येणाऱ्या बायका शेतातच मळणी करतात आणि तिथेच राशीचे वाटे पडतात. पाच वाटे मालकाचे, सहावा कापणाऱ्यांचा. तो मालकाच्या घरी जातच नाही. बायका तो डोक्यावर घेऊन बांधावरून सरळ आपापल्या घरी जातात.

शंभराचा सहावा भाग किती होतो, हे मला कागदावर मांडून बघावं लागलं नाही.

"तो वजा केला असेल मी," मी म्हणाले. "मूळ वह्या ऑफिसात आहेत. बघून सांगते."

तो वजा केलेला नव्हता, हे बोलतानाच मला माहीत होतं.

"काळजी करू नकोस," उल्हास म्हणाला. "ही कोथिंबिरीच्या जुडीचंही वजन लिहून ठेवते."

रेत्नो हसली आणि बोलत राहिली. माझ्या अहवालानंतर दीड वर्षाने गावात अधिकारी आले होते. तुमचं सोळा टक्के धान्य मातीत जातंय, म्हणाले, आणि यंत्र आलं. यंत्राला दोन माणसं पुरतात. तिच्या आईला, बु गिनेमला, वाट्याचं जे भात मिळायचं ते घरात सात महिने पुरायचं. पुढच्या वर्षी ती एका म्हाताऱ्या बाईला सांभाळायला हाँगकाँगला गेली. त्याला आता नऊ वर्षं झाली. यंत्राची शिफारस विसाव्या पानावर आहे. तीही माझीच.

सोमवारी मी वह्या काढल्या. अडतीसही घरांची घट सोळा पूर्णांक दोन ते सतरा पूर्णांक एक यांच्या आत होती. खरी घट अशी नसते. कुणाची मळणी हलगर्जी असते, कुणाचं पीक पावसात आडवं होतं, आकडे विखुरतात. इतके सारखे आकडे म्हणजे काहीतरी ठरवून होत होतं. तेव्हा ते मला दिसलं नाही. उलट, आकडे सारखे येतात म्हणजे माझी पद्धत भरवशाची, असं मी अहवालात लिहिलं होतं. त्यासाठी एका परिसंवादात माझं कौतुकही झालं होतं. सत्ताविसाव्या पानावर माझाच फोटो आहे: बांधावरून सहा बायका, डोक्यावर पोती. खाली मी लिहिलंय, 'धान्याची वाहतूक'. बु गिनेम त्यात तिसरी आहे.

मी चिपळूणची. आमच्या शेजारच्या खोतांकडे कापणीला येणाऱ्या बायका संध्याकाळी भातच घेऊन जायच्या. आमच्या खिडकीतून ते दिसायचं. मला ते नवं नव्हतं.

तीन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. दुरुस्तीचा मजकूर मात्र लिहीत होते. पहिला मसुदा होता, 'सदर घट काही प्रमाणात अधिक धरली गेली असण्याची शक्यता आहे.' कुणी धरली, ते त्यात नव्हतं.

गुरुवारी शेजारच्या खोलीतला शैलेंद्र दारात आला. तो जावातल्या आणखी साठ गावांना कापणीयंत्रं देण्याचा प्रस्ताव लिहीत होता.

"वसुधा, तुझा तो सोळा पॉइंट सात सॉलिड आहे यार. डोनर एकदम इम्प्रेस. उद्या सबमिट करतोय."

"तो काढ," मी म्हणाले.

"काय?"

"ती घट नाही. ती मजुरी आहे. मी मजुरी मोजली आणि तिला नुकसान म्हटलं."

तो खुर्ची ओढून बसला. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "फूटनोट टाकू या का? अगं, तुझंच नाव खराब होईल. अकरा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही."

"रेत्नोच्या आलंय."

त्याने आकडा काढला. आकड्याशिवाय प्रस्तावात फारसं काही उरत नव्हतं, म्हणून तो शुक्रवारी गेला नाही. मी संचालकांना चार ओळी लिहिल्या. पहिली ओळ होती, 'मी चुकीचं मोजलं.'

शनिवारी संध्याकाळी मी रेत्नोला घरी बोलावलं आणि वह्या तिच्यासमोर ठेवल्या. आधी खोटं बोलले होते, तेही सांगितलं. उल्हास उठून स्वयंपाकघरात गेला.

रेत्नोने अडतीसही आकडे बोट ठेवून वाचले. रडली नाही, रागावलीही नाही. ते सोपं गेलं असतं. वही मिटून ती म्हणाली, "तिकडे आता रविवारची सकाळ आहे. आईची सुट्टी असते. हे तिला मी सांगणार नाही, बु. तुम्ही सांगा. मी फक्त तिच्या भाषेत करून देईन."

फोनवर बु गिनेम दिसली. एका बागेत पुठ्ठा अंथरून मैत्रिणींबरोबर बसली होती. केस कापलेले, चेहरा भरलेला. मला ओळखून तिने दोन्ही हात हलवले आणि मी अजून तिखट खाते का, असं विचारलं.

मी सांगितलं. चौकोन, पडवी, काटा, सहावा वाटा, यंत्र. रेत्नो एकेक वाक्य जावानीजमध्ये करत गेली. तिचा आवाज सपाटच राहिला. तिकडे मैत्रिणींचं हसणं थांबलं. मग बु गिनेम काहीतरी बोलली, फार मोठं नाही.

"ती विचारतेय," रेत्नो म्हणाली, "तुम्ही पाच आठवडे आमच्याकडे राहिलात. रोज रात्री तिच्या हातचं जेवलात. घट कुठे जाते, हे तिला का नाही विचारलंत?"

मी प्रश्नावलीचा नमुना आठवला. 'शेतमालकाचं नाव' हा पहिला रकाना होता.

"कारण तुम्ही यादीत नव्हता," मी म्हणाले.

रेत्नोने तेही तिला जसंच्या तसं सांगितलं.