ऑक्सिजन वर की खाली

धुळ्याच्या देवपुरात मोतीलाल सरांसमोर जर्मनीचं नाव काढायचं नाही, हे सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जाणाऱ्या मंडळींना पक्कं ठाऊक होतं. फुटबॉलचा विषय निघाला तरी सर तावातावानं बोलायला लागत आणि चहा गार होई.

कारण जुनं होतं. १९८८ साली सरांनी तोरणमाळच्या खालच्या रानातून एका वेलीची चाळीस किलो मुळं आणली होती. तिकडे ते मूळ उगाळून सुजलेल्या सांध्यांवर लावतात. सरांनी ती मुळं धुतली, वाळवली, कुटली, आठ महिने अर्क काढत बसले आणि हाती आले नव्वद मिलिग्रॅम पांढरे स्फटिक. सूज उतरवणारं रसायन ते हेच. सरांनी त्याला तोरणिन नाव दिलं, रेणूची रचना कागदावर मांडली, पेपर छापून आला, कॉलेजात पेढे वाटले गेले. तीन वर्षांनी एका जर्मन रसायनशास्त्रज्ञानं दोन ओळींची टीप लिहिली: नवव्या कार्बनवरचा ऑक्सिजन वर दाखवला आहे, तो बहुधा खाली असावा.

त्या दोन ओळींवर सर तेहतीस वर्षं धुमसत होते. वर काय नि खाली काय, एवढं काय त्यात, असं कोणी म्हणेल. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात घालून गावभर फिरून यावं, म्हणजे कळेल. ऑक्सिजनची दिशा चुकली की रेणू शरीरात जिथं बसायचा तिथं बसतच नाही, आणि औषध नुसती पांढरी भुकटी होऊन राहतं.

वाद मिटवायचा खात्रीचा मार्ग एकच होता. तोरणिन साध्या रसायनांपासून प्रयोगशाळेत बनवायचं, वरच्या ऑक्सिजनचं वेगळं, खालच्याचं वेगळं, आणि मग मूळच्या स्फटिकांशी ताडून पाहायचं. सरांच्या काळात कॉलेजातल्या नळाला पाणी आलं तरी आनंद वाटायचा, तिथं हे कुठून जमणार? ते जमलं चारुलताला. रावेरकडच्या केळीवाल्यांची ही मुलगी एम.एस्सी.ला धुळ्यात सरांच्या हाताखाली शिकली आणि आता जळगावच्या कॉलेजात शिकवत होती. पाच वर्षं ती या कामाला चिकटून होती. एका बुधवारी तिचा फोन आला.

"सर, दोन्ही झाले. चौदा पायऱ्या. दोन्ही तीन-तीन ग्रॅम."

सर पलंगावरून उठून उभे राहिले. चाळीस किलो मुळांतून नव्वद मिलिग्रॅम, आणि ही पोरगी ग्रॅमच्या भाषेत बोलत होती.

"स्फटिक आले?"

"तेच ना सर. दोन्ही काकवीसारखे चिकट राहिलेत. मूळचे स्फटिक कणभर मिळाले तर…"

दुधाला विरजण लागतं, तसं हट्टी रसायनाला कधी कधी त्याच रसायनाचा एक स्फटिक लागतो. जात जुळली तर सगळं धरतं, नाही जुळली तर कण विरघळून जातो. सरांकडे काचेच्या कुपीत अकरा मिलिग्रॅम उरले होते. पुण्याच्या एका मोठ्या संस्थेनं मागितले तेव्हा सरांनी पत्राला उत्तरही दिलं नव्हतं.

"कुरिअरनं पाठवणार नाही," सर म्हणाले. "रविवारी तू ये. आणि कुठल्या फ्लास्कमध्ये काय आहे ते मला सांगायचं नाही."

फोन ठेवल्यावर सरांच्या पत्नी यशोदाबाईंनी भाजी निवडता निवडताच विचारलं, "आनि तो जर्मनच खरा निंघना तं?"

"निंघाव नही," सर म्हणाले. पण त्या रात्री ते भाकरी अर्धी टाकून उठले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात स्वतःचं म्हणावं असं त्यांनी एकच काम केलं होतं, आणि रविवारी ते उभं राहणार होतं किंवा आडवं होणार होतं.

चारुलता एरंडोल, पारोळा करत एसटीनं आली, थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन. सरांच्या जुन्या कॉलेजची प्रयोगशाळा जीवरामनं उघडून ठेवली होती. तिथला हा जुना सहायक. अठ्ठ्याऐंशी साली मुळं कुटून त्याच्याच हाताला फोड आले होते. चारुलतानं टेबलावर दोन फ्लास्क ठेवले. एकावर क लिहिलं होतं, दुसऱ्यावर ख. आत थोड्याशा अल्कोहोलमध्ये पातळ केलेलं पिवळट तेल.

सरांनी कुपी फोडली. दोन फ्लास्कसाठी दोन वेगळ्या सुया घेतल्या, एकीचा कण दुसरीकडे जायला नको. पहिला कण सुईच्या टोकावर घ्यायला ते वेळ लावत होते. "मी टाकू का?" असं चारुलतानं विचारलं, तर सरांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती दोन पावलं मागं सरकली.

पहिला कण क मध्ये पडला. तो काही वेळ तळाशी दिसत राहिला, मग बारीक होत होत नाहीसा झाला. पुन्हा कण, पुन्हा तेच. जीवरामनं फ्लास्क बर्फात धरून काचेच्या कांडीनं आतून घासून पाहिला. अर्धा तास गेला, तेल तेलच राहिलं.

मग ख. कण पडला आणि त्याच्याभोवती स्फटिकांच्या पांढऱ्या सुया फुटल्या. त्यांना आणखी सुया फुटल्या. सर फ्लास्कवर आणखी वाकले. दहा मिनिटांत फ्लास्क उलटा धरला तरी काही हलेना.

"बठ्ठं गोठी गयं, सर," जीवराम म्हणाला.

सरांनी हसून चारुलताकडे पाहिलं. ती टेबलाच्या कडेकडे पाहत होती. सरांनी आयुष्यात हजारभर तोंडी परीक्षा घेतल्या होत्या. आनंदाची बातमी लपवणारा चेहरा असा नसतो, हे त्यांना कळत होतं. तरी ते म्हणाले, "वितळबिंदू घे. मिसळून घे."

दोन पदार्थ एकच असतील तर मिसळले तरी त्याच तापमानाला वितळतात, वेगळे असतील तर आधीच ढेपाळतात. जीवरामनं बर्नर लावला. सरांचं तोरणिन एकशे बेचाळीस अंशाला वितळलं. ख मधलं एकशे बेचाळीसला. दोन्हींचं मिश्रणही एकशे बेचाळीसला.

"आता सांग."

"सर, तुमची रचना क मध्ये होती."

सरांना लागलं. फार लागलं. ते सिंकपाशी गेले आणि स्वच्छच असलेल्या सुया बराच वेळ धूत राहिले. परत आले तेव्हा त्यांनी खडू चारुलताच्या हातात दिला आणि स्वतः विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसले.

"नवव्या कार्बनवर ऑक्सिजन खाली कसा वळवलास? लिही."

ती लिहीत गेली. सर मधेच अडवत, ती उत्तर देई. अकराव्या पायरीला सरांची गाडी अडली. त्यांनी दोनदा विचारलं, तिनं दोनदा समजावलं, आणि तिसऱ्यांदा समजलं तेव्हा सरांच्या अंगावर काटा आला. ही वाट त्यांना जन्मात सुचली नसती. मघाचं दुखणं कुठं गेलं नव्हतं, पण त्याच्या शेजारी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं आणि त्यानं छाती भरून आली होती.

"पेपर लिहिलास?"

तिनं पिशवीतून कच्चा मसुदा काढला. सरांनी चष्मा पुसून शेवटचं पान वाचलं. 'पूर्वीच्या संशोधकांनी सुचवलेल्या रचनेचा काही अंशी पुनर्विचार करणे इष्ट ठरेल.' सरांचा पारा चढला.

"हे कोणी शिकवलं तुला? मी?"

"सर, मला वाटलं…"

"तो जर्मन 'बहुधा' म्हणाला, कारण त्याच्या हातात काही नव्हतं. तुझ्या हातात फ्लास्क आहे. पाच वर्षं घालवलीस ती 'काही अंशी' म्हणायला?" त्यांनी तिच्या हातातलं पेन घेतलं, ते वाक्य उभंआडवं खोडलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात दुसरं लिहिलं. "वाच."

चारुलतानं ओठातल्या ओठात वाचलं.

"ऐकू आलं नाही. पुन्हा."

तिनं डोळे पुसले, कागद सरळ धरला. "मोतीलाल यांनी १९८९ मध्ये मांडलेली तोरणिनची रचना चुकीची आहे."

या वेळी आवाज स्वच्छ होता, मागच्या बाकापर्यंत गेला. सर जीवरामकडे वळले.

"आयकं का, जीवराम? तिले मी शिकाडेल शे."